मौर्यांचा सातबारा कुणी लिहिला?

गणपतीत आमच्या साताऱ्याच्या घरी आरत्या संपल्या की मंत्रपुष्पांजली. टाळ्या थांबतात, मुठीत फुलं येतात आणि ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं पारमेष्ठ्यं राज्यं’ हे सगळे एका दमात, मधली अक्षरं गिळत म्हणून टाकतात. मागच्या वर्षी सातवीतल्या भाचीनं फुलं वाहिली आणि विचारलं, “मामा, ही सगळी राज्यंच ना? मग एवढी नावं कशाला?”

इतिहास शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. ही यादी त्याहून जास्त वर्षं म्हणतोय. तरी हा प्रश्न कधी पडला नव्हता. “आधी प्रसाद घे,” म्हणून वेळ मारून नेली. पण ती कसली सोडतेय! रात्री नकाशांचं पुस्तक घेऊन आली. मौर्यांच्या पानावर अफगाणिस्तानापासून खाली कर्नाटकापर्यंत एकच गुलाबी रंग. त्यात आपला साताराही आला. बोट ठेवून म्हणाली, “हे साम्राज्य. यात भौज्य कुठंय?”

इतिहासकारांचा एक जुना वाद तिनं न कळत उकरून काढला होता. राज्य, सरहद्द, राष्ट्र, अर्थव्यवस्था, महागाई, परकीय ही सगळी आजची माप-तोलाची साधनं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या साम्राज्यांना ती लावायची की नाही? लावली नाहीत तर लिहायचं कशानं, आणि लावली तर आजचं जग गुपचूप मागं नेऊन बसवतो त्याचं काय?

आधी त्या गुलाबी रंगाचं बघू. अशोकाचे लेख जिथं सापडले ती ठिकाणं म्हणजे ठिपके. गुजरातेत गिरनार, मुंबईजवळ सोपारा, ओडिशात धौली, आंध्रात येर्रागुडी, कर्नाटकात मस्की आणि ब्रह्मगिरी, तिकडं थेट कंदाहार, जिथला एक लेख ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. सगळ्यांत बाहेरचे ठिपके रेघेनं जोडायचे आणि आतला भाग रंगवायचा. झालं साम्राज्य. रंगवणाऱ्यानं काही लबाडी केली नाही, शाळेच्या पुस्तकात दुसरं करणार तरी काय? पण ती रेघ अशोकानं कुठंच काढलेली नाही. तो दोन गोष्टी बोलतो. एक ‘विजित’, म्हणजे जिंकलेला मुलूख. दुसरे ‘अंत’, म्हणजे टोकाचे लोक, आणि ते तो नावानं सांगतो: चोळ, पांड्य, सतियपुत, केरळपुत. त्याच्या हद्दीवर माणसं उभी आहेत, खांब नाहीत.

आपल्याला जमीन म्हटलं की सातबारा दिसतो. गट नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, एका तुकड्याचा एक उतारा. आजच्या देशांची कल्पनाही तशीच आहे. १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याच्या चार खुणा सांगितल्या आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. आता कौटिलीय अर्थशास्त्रातली राज्याची सात अंगं बघा: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. जनपद म्हणजे माणसांनी वसलेला मुलूख, तो आहे. सीमारेषा या सातांत नाही. आणि शेवटचं अंग तर बघा, मित्र! म्हणजे शेजारचा दोस्त राजा हासुद्धा आपल्या राज्याचाच एक अवयव. आजच्या कुठल्या देशाच्या घटनेत शेजारी देशाला आपला हात-पाय म्हटलेलं नाही. या एका शब्दावरूनच कळतं, की त्या डोक्यातला राज्याचा आराखडा आपल्यापेक्षा वेगळा होता.

म्हणून मोनिका स्मिथ या पुरातत्त्वज्ञांनी असं मांडलं, की प्राचीन राज्यं रंगवलेल्या पट्ट्यासारखी न बघता जाळ्यासारखी बघावीत: नगरं, बंदरं, खाणी, घाट आणि त्यांना जोडणारे रस्ते. रोमिला थापर यांनीही मौर्यांबद्दलचं स्वतःचं आधीचं मत बदललं. सगळीकडं सारखी पकड असलेलं एकसंध राज्य हे चित्र बाजूला ठेवून त्यांनी मगधाचा गाभा, मधले संपन्न प्रदेश आणि कडेचे सैलसर मुलूख अशी वेगवेगळ्या पोताची मांडणी केली.

वर्गात मी हे एसटीवर आणतो. सातारा स्टँडवरचा गाड्यांचा फलक आठवा. कराड, पाटण, वाई, फलटण, मेढा. गाडी जाते तिथं एसटी आहे. दोन थांब्यांच्या मध्ये डोंगरावर जी वाडी आहे, तिथं एसटीचं राज्य आहे का? कंडक्टरनं कधी ती वाडी बघितलेलीसुद्धा नसते. तरी वाडीतली बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरते, फाट्यावर येते आणि त्या व्यवस्थेत शिरते. मौर्यांची सत्ता डोळ्यांपुढं आणायची तर सातबारा मिटून ठेवा आणि हा फलक वाचा.

वेगाचाही विचार करावा लागतो. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत आपल्या जिल्ह्यातून जाते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि अडीच-तीन आठवडे लागतात, म्हणजे दिवसाला बारा ते पंधरा किलोमीटर. बायाबापडे, बैल, सामान घेऊन चालणाऱ्या मोठ्या समुदायाची ही चाल. पाटलीपुत्र ते ब्रह्मगिरी वाटेनं दोन हजार किलोमीटर धरा. रोज तीस किलोमीटर तोडणारा निरोप्या दोन महिन्यांनी पोचेल. वारीच्या चालीनं निघालेलं लटांबर साडेचार-पाच महिन्यांनी. मध्ये पावसाळा आला तर विचारूच नका. ‘केंद्र सरकारनं कारवाई केली’ हे वाक्य अशा राज्याबद्दल लिहिताना पेन जरा थांबायला हवं.

उलट टोकही गाठू नये. सगळं सैलच होतं, साम्राज्य वगैरे काही नव्हतंच, असं म्हणणारेही भेटतात. मग इतक्या दूरदूरच्या खडकांवर एकाच राजाचा जवळपास तोच मजकूर कसा कोरला गेला? दर पाच वर्षांनी युक्त, रज्जुक, प्रादेशिक या अधिकाऱ्यांनी दौऱ्यावर जावं असा हुकूम त्याच लेखांत आहे. कुणीतरी निरोप नेत होतं, कुणीतरी ऐकत होतं.

हे सगळं परकं वाटत असेल तर फार लांब जायला नको. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर दहा टक्के सरदेशमुखी. सुभा मोगलांचा, वसुलात वाटा साताऱ्याचा. त्यातल्या चौथाईचेही पुन्हा बाबती, मोकासा, साहोत्रा, नाडगौंडा असे तुकडे, आणि ते वेगवेगळ्या माणसांचे. जुन्या कागदांत एकाच गावाच्या वसुलात ‘स्वराज्य’ अंमल आणि ‘मोगलाई’ अंमल असे दोन रकाने सापडतात. आता हे गाव नकाशावर कुठल्या रंगात रंगवायचं? मला विचाराल तर ते गाव रंगवताच येत नाही. तिथं जमीन वाटलेली नाही, हक्क वाटलेले आहेत.

आणि संस्थानं! सांगलीच्या पटवर्धनांचा मुलूख कृष्णाकाठी तर होताच, शिवाय मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असा चार दिशांना विखुरलेला. आज त्यातलं मंगळवेढं सोलापुरात आणि बाकीची तिन्ही गावं कर्नाटकात. औंध संस्थानचं औंध खटाव तालुक्यात, पण आटपाडी आणि कुंडल पुढं सांगली जिल्ह्यात आले. माझ्या आजोबांच्या पिढीनं हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. एकसलग, कुंपण घातलेला देश ही आपल्याकडं केवढी ताजी सवय आहे ते यावरून कळावं.

मग आजच्या कल्पना फेकूनच द्यायच्या? तसंही नाही. इथं एक फरक पक्का करून घ्यायला हवा. माझ्या मते सगळा घोळ इथंच होतो.

थर्मामीटर निघायच्या आधीही माणसाला ताप यायचा. तो मोजायची नळी नव्हती, ‘१०२ डिग्री’ हा शब्द नव्हता, पण अंग तापायचंच. उलट पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्वाचा कायदा यातलं काहीच नसताना कुणी ‘परदेशी नागरिक’ असू शकत नाही, कारण ती गोष्ट माणसांनी मानली, लिहिली, शिक्का मारला की मगच जन्माला येते. आपल्या कल्पनांपैकी काही तापासारख्या आहेत, काही पासपोर्टसारख्या. रोगराई, नाण्यातली भेसळ, दुष्काळ, जमिनीचा कस ही तापाची जात. राष्ट्र, सरहद्द, नागरिक, बहुमत ही पासपोर्टची. पहिल्या प्रकारच्या कल्पना मागं नेताना मी फारसा कचरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नेताना विचारतो, की बाबा, तेव्हा हे मानणारं कोण होतं?

तापाचं उदाहरण रोममधून घेऊ. ऑगस्टसच्या काळात रोमचा दिनार हा चांदीचा रुपया जवळजवळ शुद्ध होता. इसवी सन ६४मध्ये नीरोनं त्याचं वजनही कमी केलं आणि कसही. पुढच्या बादशहांनी हेच चालू ठेवलं, सैन्याचे पगार भागवायचे होते ना. इ.स. २७०च्या सुमारास ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी शेकड्याला दोन-चार भाग उरली होती, बाकी तांबं आणि वर मुलामा. भाव भडकले. ३०१ साली डायोक्लेशियननं शेकडो वस्तूंचे जास्तीत जास्त दर ठरवून दिले आणि फर्मानाच्या सुरुवातीला सगळा दोष ठेवला व्यापाऱ्यांच्या हावेवर. हाव हा त्याचा शब्द, महागाई हा आपला. पण नाणं वितळवून, तपासून आज जे दिसतं ते त्या बादशहाला दिसत नव्हतं, किंवा दिसून सोयीचं नव्हतं. इथं आजची कल्पना नुसती चालतेच असं नाही, तिच्यावाचून कळणारच नाही. याहून गंमत म्हणजे ग्रीनलंडच्या बर्फाच्या जुन्या थरांत शिशाचे कण मोजतात. चांदी गाळताना खनिजातलं शिसं हवेत उडायचं आणि तिथवर जाऊन पडायचं. इ.स. १६५मध्ये रोमच्या साम्राज्यात मोठी साथ आली. त्यानंतर बर्फातलं शिसंही कमी झालेलं दिसतं. रोमच्या कुठल्याही लेखकाला हे माहीत असणं शक्य नव्हतं.

अभ्यासकांनी या दोन नजरांना ‘एमिक’ आणि ‘एटिक’ अशी नावं दिली आहेत. एमिक म्हणजे त्या माणसांच्या आतली नजर, एटिक म्हणजे बाहेरून बघणाऱ्याची. सुनेला विचाराल तर ती घरची एक गोष्ट सांगेल, शेजारीण दुसरी. घर कळायला दोघींचं ऐकावं लागतं. फक्त कोण बोलतंय ते विसरायचं नाही.

मराठीत मात्र एक जादा खड्डा आहे. इंग्रजीत ‘नेशन’, ‘इकॉनॉमी’ हे शब्द जुन्या काळाला लावताना निदान शब्दच परका वाटतो, आणि वाचणारा सावध होतो. आपण मात्र एकोणिसाव्या-विसाव्या शतकात नव्या कल्पनांना जुने संस्कृत शब्द दिले. झालं काय, की बाटली जुनी, आतलं पाणी नवं, आणि लेबल बघून आपण म्हणतो हे तर आपल्याकडं पहिल्यापासून होतं.

अर्थशास्त्रच घ्या. कॉलेजात या नावाचा विभाग असतो. पण कौटिल्य सांगतो, की माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, आणि माणसांनी वसलेली भूमी म्हणजेही अर्थ. ती मिळवायची आणि राखायची कशी याचं शास्त्र ते अर्थशास्त्र. त्यात हेर येतात, किल्ले येतात, विष येतं, राजपुत्रांवर नजर ठेवणं येतं. आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना यातलं काहीच शिकवावं लागत नाही, सुदैवानं.

याहून मजेदार म्हणजे राष्ट्र. राष्ट्रकूट राजांचे ताम्रपट वाचा. राजा आज्ञा देताना अधिकाऱ्यांची यादी देतो: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट. म्हणजे राष्ट्रपती हा राजाच्या हाताखालचा अधिकारी, मोठ्या विभागाचा प्रमुख! आजच्या भाषेत फार तर विभागीय आयुक्त. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात, पण नंतर ‘प्राचीन काळी आपलं राष्ट्र’ असं लिहिताना त्यांचा हात अडखळतो. तेवढं मला पुरे.

राजधानीचंही तसंच. कराडला सापडलेल्या कृष्ण तिसऱ्याच्या ताम्रपटात ९५९ सालचं दान आहे. कऱ्हाट, म्हणजे कराड, प्रांतातलं एक गाव एका शैव तपस्व्याला दिलं. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, पण हा हुकूम सुटला तमिळ मुलखातल्या मेलपाटीच्या छावणीतून. बादशहा मोहिमेवर, आणि राज्यकारभार त्याच्यासोबत तंबूत. अशा वेळी राजधानी म्हणजे इमारत धरायची की माणूस?

आता ज्या उदाहरणावर मी दरवर्षी अख्खा तास घालवतो, त्याकडं येतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यानं भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या वेळच्या नाण्यांची, ‘अक्षयनीवी’ (कायमची ठेव) ठेवली. दोन हजार गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडं, म्हणजे संघाकडं, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडं, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण.

हिशोब करून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न् पै जुळते! दुसऱ्या हजारावर महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे पेठेच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही लेख सांगतो. म्हणजे रजिस्ट्रेशनही झालं.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला इथं लगेच काय आठवणार? पतसंस्था! ठेव, व्याजदर, दोन संस्थांचे दोन दर, नोंद. मी ही तुलना पोरांना करू देतो, अडवत नाही. तुलनेनं लेख जिवंत होतो, आकडे बोलायला लागतात. मग फळ्यावर रेघ मारून दुसऱ्या बाजूला विचारतो, कुठं जुळत नाही? पतसंस्थेत ठेव मुदतीनंतर परत मिळते, इथं कधीच नाही. पतसंस्था पैसे कर्जाऊ फिरवते, हे विणकर आहेत, ते सूत घेणार, माग चालवणार, कापड विकणार. म्हणजे ठेव हे त्यांचं खेळतं भांडवल. पतसंस्थेवर निबंधक असतो, लेखापरीक्षण असतं. इथं साक्षीला डोंगर. दगडात कोरलेलं व्याज बुडवायचं तर गावासमोर बुडवावं लागतं. आणि ठेवीदार राजाचा जावई, तो फॉर्म भरायला रांगेत उभा राहिला असेल असं मला वाटत नाही. रेघेच्या डाव्या बाजूपेक्षा उजवी बाजू भरली, की त्या दिवशी शिकवलं असं समजतो.

याच नहपानाला पुढं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगलथेंबी इथं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलाय. हे सांगितलं की मागच्या बाकावरून आरोळी येते, “सर, नोटाबंदी!” छान. पण नोटाबंदीत जुनी नोट कागद झाली. इथं चांदी तीच, फक्त वरचं नाव बदललं. आणि ठसा न मारलेली हजारो नाणी त्याच ढिगात ठसेवाल्यांबरोबर नांदत होती.

या लढाईबद्दल आपण ‘परकीय शकांना हाकललं’ असं शिकतो. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश खणून काढला असं स्पष्ट आहे, ते नाकारायचं कारण नाही. वैर खरं होतं. पण ‘परकीय’ हा शब्द त्यावर चिकटवला की पुढची पानं वाचता येत नाहीत. त्या शकांचा रुद्रदामन इ.स. १५०च्या गिरनारच्या लेखात सांगतो, की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून सोडलं. कान्हेरीच्या लेखात एका सातवाहन राजाची राणी महाक्षत्रपाची मुलगी आहे. म्हणजे सोयरीक झाली होती! आणि तो ‘परकीय’ रुद्रदामन लिहितो सुबक संस्कृतात, तर आपले सातवाहन प्राकृतात. कोण बाहेरचं आणि कोण घरचं हे तेव्हाची माणसं कशावरून ठरवत होती, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पासपोर्टच्या भाषेत मिळणार नाही.

व्यक्तींना पदव्या चिकटवण्याचा प्रकार तर मला अजिबात आवडत नाही. व्हिन्सेंट स्मिथ या ब्रिटिश इतिहासकारानं गुप्त सम्राट समुद्रगुप्ताला ‘भारताचा नेपोलियन’ म्हटलं आणि ते आजही स्पर्धा परीक्षांत विचारतात. प्रयागच्या स्तंभावर त्याचा दरबारी कवी हरिषेण लिहितो, की दक्षिणेतल्या बारा राजांना समुद्रगुप्तानं पकडलं आणि अनुग्रह करून सोडून दिलं. ते का सोडले, याचा विचार नेपोलियनच्या टोपीखाली झाकून जातो.

आकडे सारखे दिसले म्हणूनही फसायला होतं. रोमचं सरकार भारतातून येणाऱ्या मालावर पंचवीस टक्के जकात घ्यायचं, तिला ग्रीकमध्ये ‘तेतार्ते’ म्हणत, म्हणजे शब्दशः चौथाई! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. मग शांतपणे बसलो. ती बंदरातल्या मालावरची जकात, ही दुसऱ्याच्या मुलखातल्या वसुलातला हिस्सा. एक घेताना माल अडवतात, दुसरी घेताना घोडदळ पाठवतात. पंचवीस हा आकडा सोडला तर दोघींत काही नातं नाही.

हे सगळं भाचीला एका रात्रीत सांगितलं असतं तर ती झोपली असती. तिला मी एवढंच सांगितलं. मंत्रपुष्पांजलीतली ती यादी ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली आहे. त्यात दिशेदिशेच्या राजांना कशासाठी अभिषेक होतो ते सांगितलंय. पूर्वेच्या राजांना साम्राज्यासाठी, त्यांना सम्राट म्हणायचं. पश्चिमेकडं स्वाराज्य, हिमालयापलीकडं वैराज्य, मध्ये कुरु-पांचालांकडं नुसतं राज्य. दक्षिणेच्या राजांना भौज्यासाठी, त्यांना भोज म्हणायचं. म्हणजे लहान-मोठी राज्यं अशी ती उतरंड नाही, ज्या त्या दिशेचे वेगवेगळे प्रकार आहेत.

“मग या गुलाबी रंगात भोज आहेत का?”

आहेत. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘राजविषया’तल्या लोकांची नावं येतात: योन, कंबोज, आंध्र, पुलिंद. त्यातच भोजही. राजाच्या मुलखात, पण स्वतःच्या नावानं. आणि आणखी काही शतकांनी कोकणात कुडे इथल्या लेण्यांत ‘महाभोज’ घराण्याचे लेख आहेत. तेच भोज का? नावं जुळली म्हणून माणसं जुळवायची नाहीत, हे मी तिला सांगितलं. तोंड वाकडं केलं तिनं.

“पण त्याच कुड्याला,” मी म्हणालो, “एक लेणं आपल्या कराडच्या माणसानं दिलंय. करहाकडचा महिक, लोहवाणी, म्हणजे लोखंडाचा व्यापारी. आणि त्याच्याही आधी करहाकटच्या निगमानं, म्हणजे कराडच्या पेठेनं मिळून, मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपाला दान पाठवलं होतं. तिथल्या तोरणावर शुंगांचं, म्हणजे मौर्यांनंतर आलेल्या घराण्याचं, राज्य असं कोरलंय.”

“म्हणजे कराड शुंगांचं होतं?”

“दान पाठवायला राज्य एक असावं लागतं का?”

तिनं नकाशावर कराड शोधलं. छापलेलं नव्हतं. मग पेन्सिलीनं तिथं एक ठिपका काढला, कुड्याला एक, भारहुतला एक, आणि तिन्ही रेघांनी जोडले. कुड्याची रेघ तिनं कुंभार्ली घाटातून वळवली. गुलाबी रंगाला तिनं हात लावला नाही, खोडता येत नव्हता तो.